बाबांचा कॉम्प्युटर नंतर बघू, आधी त्यांचा ईमेल उघडा

कराडचे एक वाचक, सध्या नोकरीला पुण्यात, त्यांचं पत्र थोडक्यात असं: "बाबा ६९ वर्षांचे, साखर कारखान्यातून रिटायर, आई ६४. दोघंच कराडला असतात. बाबांना ईपीएस (पीएफकडून मिळणारी) पेन्शन ३,००० च्या आसपास, मी महिन्याला १०,००० पाठवतो, वर लागतील तसे ते सेव्हिंगमधून काढतात, साधारण १५,०००. त्यांना वापरायला सोपा कॉम्प्युटर घ्यायचाय. दुकानदाराने टचस्क्रीनचा ऑल-इन-वन (स्क्रीनमध्येच सगळा कॉम्प्युटर) सांगितलाय, ८५,०००, त्यावर तीन वर्षांचं सीनियर केअर पॅकेज १८,०००. ५,००० ॲडव्हान्स दिलाय. बँक, लाइट बिल, हयातीचा दाखला सगळं घरबसल्या होईल म्हणाले. बाबांच्या खात्यातून एकरकमी घेऊ का माझ्या कार्डावर नो कॉस्ट ईएमआयने? माझा २०१९ चा आय-फाइव्ह लॅपटॉप पडून आहे पण तो बाबांना जमणार नाही. पैशाचं तसं टेन्शन नाही, खात्यात २२ लाख आहेत, आणि बँकेतल्या मॅडमनी तीन आठवड्यांपूर्वी ४ लाख गॅरंटीड प्लॅनमध्ये लावून दिलेत, पाचच वर्षं भरायचे, दहाव्या वर्षी २७ लाख. कागद ईमेलवर येणार होते, पण बाबा ईमेल बघत नाहीत, नवीन कॉम्प्युटर आला की शिकवीन."

तुम्ही विचारलंत कॉम्प्युटरचं, पण माझं लक्ष शेवटच्या दोन ओळींवर अडकलंय. कॉम्प्युटर दिवाळीत घेतला तरी चालेल, तो ईमेल मात्र आज रात्री उघडायचाय, बाबांना फोन करा, पासवर्ड आठवत नसेल तर त्यांच्या मोबाइलवर ओटीपी मागवून रीसेट करा, पण उघडा.

कारण असं आहे की मॅडमचा तो गॅरंटीड प्लॅन म्हणजे आयुर्विमा पॉलिसीच दिसतेय, आणि अशा पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लुक असतो, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करता येते, थोडी स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी सगळी रक्कम परत मिळते. आणि कागद मेलवर आले तरी ते आलेच धरले जातात, तुम्ही मेल उघडला की नाही हे कोणी बघत बसत नाही. प्रीमियम जाऊन तीन आठवडे झालेत, मेल कदाचित दुसऱ्याच आठवड्यात आला असेल, म्हणजे हातात दोन-तीन आठवडेच असतील.

आता ही पॉलिसी का नको ते बघा. वर्षाला ४ लाख, पाच वर्षं, म्हणजे २० लाख भरायचे आणि दहाव्या वर्षी २७ लाख. ऐकायला ७ लाखांचा फायदा वाटतो, पण पैसे सरासरी आठ वर्षं अडकतात, परतावा निघतो वर्षाला पावणेचार टक्के. सरकारी सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये सध्या ८.२ टक्के आहेत, तेही दर तीन महिन्यांनी व्याज हातात. ६९ वर्षांच्या, पगार नसलेल्या माणसाला पाच वर्षांचा हप्ता गळ्यात बांधणं चूक आहे, मग विकणारी व्यक्ती कितीही गोड बोलणारी असो. त्यांच्यावर कर्ज नाही, कमाईवर अवलंबून कोणी नाही, त्यांना आयुर्विम्याची गरजच काय?

आणि हप्ते भरायचे कुठून हा हिशोब कोणी केलेला दिसत नाही. खात्यात २२ लाख. अजून चार हप्ते म्हणजे १६ लाख. घरखर्चाला महिन्याला १५,००० म्हणजे चार वर्षांत ७ लाखांच्या वर. झाले २३ लाख. सेव्हिंगचं अडीच टक्के व्याज धरून जेमतेम तोंडमिळवणी होते, म्हणजे पाचवा हप्ता भरला की खातं रिकामं, तेव्हा बाबा ७३ चे, आणि २७ लाख मिळणार ७९ व्या वर्षी. मधली सहा वर्षं काय करायचं? दवाखाना निघाला तर? पैशाचं टेन्शन नाही असं तुम्ही लिहिलंय, मला मात्र आहे.

तर मेल सापडला की बाबांच्या त्याच ईमेलवरून थेट विमा कंपनीला लिहा, पॉलिसी नंबर टाका, फ्री लुकमध्ये रद्द करायची आहे असं स्पष्ट लिहा, कॅन्सल्ड चेक जोडा, पोच घ्या. मॅडमकडे जाऊ नका, तिथे दोन-तीन फेऱ्यांमध्येच मुदत निघून जाते. कंपनीने टाळाटाळ केली तर त्यांचा तक्रार अधिकारी, मग विमा नियामक आयआरडीएआयचं बिमा भरोसा पोर्टल, मग पुण्याचे विमा लोकपाल. आणि समजा मुदत गेलेलीच निघाली, तरी पुढचा हप्ता भरायचा नाही. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल तर वर्षानंतर सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्याचे, काहीतरी पैसे मिळतात, पूर्ण चार लाख मिळणार नाहीत, पण भरलेलं वाया जाईल म्हणून त्यामागे अजून १६ लाख घालणं मला पटत नाही.

पॉलिसीचे परत आलेले धरून २६ लाख होतील. त्यातले २० लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये, पोस्टात किंवा बँकेत, आईंना जॉइंट घेऊन. मर्यादा ३० लाखांची आहे त्यामुळे अडचण नाही. व्याज वर्षाला १ लाख ६४ हजार, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर. ५ लाखांची एफडी दुसऱ्या बँकेत, कारण ठेव विमा प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे. एक लाख खात्यात. बाबांचे महिन्याचे १५,००० मुद्दलाला हात न लावता निघतात. महागाई वाढेल तसे तुमचे १०,००० मात्र वाढवावे लागतील, ते आत्ताच डोक्यात ठेवा. आणि खातं एकट्या बाबांच्या नावावर असेल तर आईंचं नाव घालून आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं, करून घ्या, नॉमिनी लागलेत का तेही बघा.

आता कॉम्प्युटर. ईएमआयचा प्रश्नच येत नाही कारण ८५,००० चं मशीन नको. खात्यात २२ लाख आणि समोर टचस्क्रीनवर नेट बँकिंग, ही जोडी मला सगळ्यात जास्त घाबरवते. वापरायला सोपं म्हणजे कोणीतरी फोनवर गोड बोलून पैसे काढून न्यायलाही सोपं, डिजिटल अरेस्टवाले (व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस बनून धमकावणारे) आणि केवायसी बंद होईल म्हणणारे असलीच घरं शोधत असतात. म्हणून कॉम्प्युटर कुठलाही असो, त्यावरून फक्त एक छोटं खातं चालवायचं, त्यात २५-३० हजार, लाइट बिल आणि गॅस तेवढ्यातून. मोठ्या खात्याला नेट बँकिंग ठेवायचंच असेल तर फक्त बघण्यापुरतं, बऱ्याच बँका तसं करून देतात, अर्ज द्यावा लागतो.

हयातीच्या दाखल्याला कॉम्प्युटर लागतच नाही, जीवन प्रमाणचं (हयातीच्या दाखल्याची सरकारी ऑनलाइन सोय) काम अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवून होतं, नाहीतर पोस्टमन घरी येऊन करून देतो. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं. केअर पॅकेजमध्ये बहुतेक अँटिव्हायरस असतो, विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस फुकट आहे, ते १८,००० वाचले.

तुमचा २०१९ चा लॅपटॉप का जमणार नाही ते कळलं नाही. स्क्रीन बारीक वाटते म्हणून असेल तर २४ इंची मॉनिटर ८-९ हजारांत मिळतो, जाड अक्षरांचा कीबोर्ड आणि हाताला भरेल असा माउस घ्या, सगळं मिळून १०-११ हजार. ऑल-इन-वन लाइट गेली की बंद, लॅपटॉपला बॅटरी तरी आहे. फक्त प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का बघा, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ त्याहून जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही. रॅम ८ जीबी आणि एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान डिस्क) हवा, हार्ड डिस्क असेल तर बदला, नाहीतर मशीन रेंगाळतं आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, मग तो हात लावणंच सोडून देतो.

सेटिंग करायला एक रविवार द्या. विंडोजमधलं बाबांचं खातं स्टँडर्ड (ॲडमिनचे अधिकार नसलेलं) ठेवा, ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे, म्हणजे कोणी फोनवरून काही इन्स्टॉल करायला सांगितलं तर बहुतेक वेळा पासवर्डपाशीच अडेल. अक्षरं १५० टक्के, माउसचा बाण मोठा, डबल क्लिक स्लो. डेस्कटॉपवर चारच आयकॉन, व्हिडिओ कॉल, यूट्यूब, पेपर, सातबारा. ब्राउझरच्या नोटिफिकेशन बंद करा, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असल्या बऱ्याच खिडक्या तिथूनच उघडतात. मराठी कीबोर्ड टाका. एका मोठ्या कागदावर चालू-बंद कसं करायचं ते बाबांनाच त्यांच्या शब्दांत लिहू द्या, त्याखाली १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, आणि हे की स्क्रीन दाखवा म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा. आईंनाही शेजारी बसवा, व्हिडिओ कॉल बहुतेक त्याच लावतील.

ॲडव्हान्सचे ५,००० परत मागा. नाही म्हणाले तर त्यात भर घालून मॉनिटर त्याच दुकानातून घ्या.