देऊळ बांधू की पाणी आणू? भजनी मंडळाचे तीन लाख

प्रश्न : ताई, आम्ही भांडुपच्या पंधरा-वीस बायका, आमचं हरिपाठाचं मंडळ आहे. गेली चार वर्षं आम्ही जानेवारीत पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याकडच्या एका पाड्यावर साड्या, ब्लँकेटं, बिस्किटं घेऊन जातो, आधी हरिपाठ म्हणतो मग वाटप करतो. यंदा वर्गणीचे तीन लाख जमलेत. निम्म्या जणी म्हणतात पाड्यावर विठ्ठलाचं छोटंसं देऊळ बांधूया, निम्म्या म्हणतात पाण्याची टाकी. आणि माझा मुलगा म्हणतो, भुकेल्या माणसाला आधी भजनाला बसवता हेच चुकीचं आहे. मला वाईट वाटलं, कारण आम्ही मनापासून करतो. काय करावं?

उत्तर : ताई, तुमचं मन खरं आहे यात मला जराही शंका नाही, पण मुलाचं म्हणणं मला पटतं. वाटपाची पोती समोर ठेवून हरिपाठ सुरू केला की समोरची बाई विठ्ठलासाठी बसलीय की ब्लँकेटसाठी हे तुम्हालाही कळत नाही आणि तिलाही उठून जाता येत नाही. म्हणून आधी काम करा, जेवणखाण होऊ द्या, मग संध्याकाळी टाळ काढा, ज्याला बसायचं तो बसेल. गाडगेबाबा गावात गेले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री. आणि त्यांनी देवळं नाही बांधली, धर्मशाळा बांधल्या. दादरला टाटा हॉस्पिटलच्या पेशंटांचे नातेवाईक आजही त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत राहतात ते तुम्ही पाहिलंच असेल.

आता देवळाचं. पाड्यावरच्या वारली लोकांकडे देव नाहीत असं समजू नका हं, हिरवा देव आहे, वाघदेव आहे, हिमाय आहे, धान्याची कणसरी आहे, वाघबारशीचा सण ते किती मनापासून करतात ते एकदा जाऊन बघा. त्यांनी मागितलं नसताना आपण मुंबईहून देव नेऊन ठेवायचा हे मला बरं वाटत नाही. शिवाय तिकडची बरीच जमीन वनखात्याची असते. वनहक्क कायदा २००६ मध्ये गावाच्या १३ सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन मागता येते, त्यात पिण्याचं पाणी आणि पाइपलाइन आहे, शाळा-अंगणवाडी आहे, देऊळ नाही.

पण टाकीचाही निर्णय तुम्ही भांडुपला बसून घेऊ नका. नगर जिल्ह्यातल्या जामखेडची गोष्ट सांगते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवराबायको तिथे गेले, दोघं श्रद्धाळू ख्रिश्चन, गरिबाची सेवा हीच देवाची सेवा असं मानणारे. गेले दवाखाना चालवायला, पण गावं म्हणाली आधी पाणी आणि खायला द्या, आणि त्यांनी ऐकलं. बोअरिंग कित्येक ठिकाणी मुद्दाम दलित वस्तीत घेतली, म्हणजे सवर्णांच्या घरातल्या बायकांनाही हंडा घेऊन तिकडेच यावं लागलं, ज्या वस्तीच्या सावलीचाही विटाळ मानायचे तिथे रांगेत उभं राहावं लागलं. मला विचाराल तर हजार प्रवचनांनी जे झालं नसतं ते त्या एका हापशाने केलं. मग गावातल्याच, बऱ्याचशा अक्षरओळख नसलेल्या बायकांना बाळंतपण, जुलाब, पोरांचं वजन असं सगळं शिकवून आरोग्यसेविका केलं. धर्म बदला अशी अट कुणाला घातली नाही. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तुमच्या पाड्याचं म्हणाल तर जानेवारीत जाऊच नका. मीही एका ग्रुपबरोबर अशीच थंडीत ब्लँकेटं घेऊन गेले होते, पाड्यावर फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं, कारण दिवाळी झाली की धडधाकट माणसं वीटभट्टीवर जातात, भिवंडी, वसई जिथे काम मिळेल तिथे, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. ज्यांच्याशी बोलायचं तीच माणसं नसतात! त्या दिवशी मला फार लाज वाटली. मे महिन्याच्या शेवटी जा, कसाऱ्याला उतरून खोडाळ्यामार्गे, दोघीचौघीच जा, आपला डबा आपण न्या आणि बायकांबरोबर पहाटे पाण्याला चालत जा. पावसाळ्यात तिथे धो धो कोसळतो पण उतार आणि खाली कातळ, पाणी थांबत नाही, एप्रिलपासून टँकरची वाट. आणि ताई, एक गोष्ट मला फार टोचते, मध्य वैतरणा धरण मोखाड्यातच कोचाळ्याला आहे, २०१४ मध्ये पूर्ण झालं, ते पाणी तुमच्या भांडुप कॉम्प्लेक्सला येऊन शुद्ध होतं आणि आपल्या नळाला येतं. म्हणून तुमचे तीन लाख मला दान वाटतच नाहीत, देणं वाटतं.

तिथे विचारा, वरच्या अंगाला बारमाही झरा आहे का. असेल तर पाइप टाकून उताराने पाणी पाड्यात आणता येतं, मोटर नको, लाइटबिल नको. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या, ग्रामसभेचा ठराव, खोदाईला पाड्याचं श्रमदान, आणि नळ फुटला तर दुरुस्त कोण करणार. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, मी कितीतरी कोरड्या टाक्या पाहिल्यात ज्यांच्यावर देणगीदारांची नावं मात्र चकचकीत असतात. मंडळ रजिस्टर नसेल तर तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेमार्फत पैसे द्या आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

आणि पाड्यातल्या बायकांनी टाकी नकोच, पोरांसाठी बालवाडीची बाई हवी असं सांगितलं, तर तेच करा.