उतार नसलेला चढ

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

पाऊस सुरू झाला की येऊरच्या डोंगराचा रस्ता निसरडा होतो, तलावपाळीच्या फेऱ्या छत्रीखाली कशाबशा होतात आणि ठाण्यातली चालणारी मंडळी सोसायटीच्या जिमकडे वळतात. त्यामुळे या महिन्यातली बहुतेक पत्रं ट्रेडमिलबद्दलची आहेत, त्यातही चढ लावून चालण्याबद्दलची. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यातही हल्ली हाच विषय निघतो. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते, त्यात बाकीच्यांचंही बरंच येऊन जाईल.

प्रश्न : ताई, मी कासारवडवलीला राहते. वय ४८, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७२ किलो. बँकेत दिवसभर बसून काम. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सुरुवातीची झीज आहे असं सांगितलं आणि वजन उतरवायला सांगितलं. मुलीने मोबाइलवर ‘१२-३-३०’ दाखवलं : चढ १२, स्पीड ३, वेळ ३० मिनिटं. चार दिवस केलं, पण पुढचा दांडा घट्ट धरूनच जमतं. पाचव्या दिवशी पोटऱ्या इतक्या भरून आल्या की पलंगावरून उठवेना. गुडघे तेवढे दुखले नाहीत. चालू ठेवू की सोडून देऊ?

उत्तर : चालू ठेवा, पण तो १२ चा आकडा आजच खाली आणा.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. गुडघे दुखले नाहीत. असं का होतं ते मला माझ्याच उजव्या गुडघ्याने शिकवलं. सहा वर्षांपूर्वी जुलै महिन्यात येऊरहून खाली येताना माझा पाय सरकला, गुडघा पिळवटला आणि आतली गादी दुखावली. पुढचे तीन महिने घरचा जिना मी बऱ्यापैकी चढायची, उतरताना मात्र कठडा धरून एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवत. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. लांब होता होता तो अंगाचं वजन झेलतो आणि तो दाब गुडघ्याच्या वाटीमागे जातो. चढताना कामाचा मोठा वाटा पोटरी, मांडीची मागची बाजू आणि नितंब उचलतात. आता डोंगरावर जेवढं चढाल तेवढं उतरावं लागतंच. ट्रेडमिलवर तेवढंच चढून तुम्ही बटण दाबता, पट्टा सपाट होतो आणि तुम्ही घरी जाता. उतरणं नाहीच. दुखऱ्या गुडघ्यासाठी या मशीनचं खरं मोल इथे आहे. शिवाय चालताना एक ना एक पाय कायम टेकलेला असतो. त्यामुळे पावलाचा धक्का वजनाच्या सव्वापटीच्या आत-बाहेर राहतो, धावताना तो दुप्पट-अडीचपट होतो. चढावर चाललं की न धावता धावल्याइतका दम लागू शकतो, आणि वजन उतरवायला आपल्याला दम हवा आहे, धक्का नको.

आता त्या १२-३-३० कडे येऊ. लॉरेन जिराल्डो नावाच्या अमेरिकन तरुणीने २०१९ मध्ये आपला हा व्यायाम व्हिडिओत सांगितला आणि पुढच्या वर्षी तो जगभर पसरला. त्यातला ३ हा आकडा मैलांचा आहे, म्हणजे ताशी ४.८ किलोमीटर. आपल्याकडची बरीच मशीन किलोमीटर दाखवतात, तेव्हा तुम्ही ३ लावत होतात की ४.८, ते एकदा तपासा. १२ टक्के चढ म्हणजे शंभर मीटर चालल्यावर १२ मीटर वर, साधारण चार मजले. हृदयाची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती तपासणी तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. त्यातल्या नेहमीच्या पद्धतीत पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ असतो, पुढची तीन मिनिटं ४ किलोमीटर आणि १२ टक्के, त्यापुढे साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के. म्हणजे तुमची मुलगी दाखवते तो व्यायाम या तपासणीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधे बसतो. तपासणीत तिथे तीन-तीन मिनिटंच थांबवतात, जवळ डॉक्टर असतात आणि छातीला वायरी लावलेल्या असतात. तोच भार सवय नसलेल्या माणसाने अर्धा तास पेलायचा, हे मला अजिबात पटत नाही. विशी-पंचविशीतल्या, रोज व्यायाम करणाऱ्या मुलींची गोष्ट वेगळी.

दांडा धरण्याचं आता बोलते, कारण जिममध्ये दहापैकी सात-आठ जणी तशाच चालताना मला दिसतात. बोटांची पेरं पांढरी पडलेली, कोपर ताठ, अंग मागे झुकलेलं. असं मागे झुकलं की शरीर पट्ट्याशी काटकोनात येतं, आणि शरीराच्या दृष्टीने तो रस्ता जवळपास सपाटच होतो. वजनाचा काही भार हातांनी उचललेला असतो तो वेगळाच. स्क्रीन मात्र पूर्ण १२ टक्क्यांच्या कॅलरी मोजत राहते. दवाखान्यात मी पेशंटना सांगते, दांड्यावर फक्त करंगळी टेकवून दोन मिनिटं चालून दाखवा. नाही जमलं तर चढ एक-एक टक्का खाली आणते. करंगळीसुद्धा सुटून हात मोकळे हलायला लागले की तो तुमचा चढ. बहुतेकींचा तो पहिल्या दिवशी २ ते ४ टक्क्यांवर येतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

हिशेबच सांगते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं चालण्याचं एक सूत्र आहे. त्यानुसार ७२ किलोच्या माणसाला ताशी ४ किलोमीटरने अर्धा तास सपाट चालायला सुमारे ११० कॅलरी लागतात. त्याच स्पीडला ५ टक्के चढ लावला तर सुमारे १७५. स्पीड एक काटाही न वाढवता दीडपटीहून जास्त! १२-३-३० ला ३१० च्या आसपास जातात, पण हात मोकळे असतील तरच.

तेव्हा तुम्ही असं करा. पोटऱ्यांचं दुखणं पूर्ण थांबेपर्यंत चार दिवस सपाट चाला. मग पाच मिनिटं सपाट, पंधरा मिनिटं २ टक्के आणि ताशी ३.५ किलोमीटर, शेवटी पुन्हा पाच मिनिटं सपाट. शेवटचं सपाट चालणं टाळू नका, एकदम थांबलं की चक्कर येऊ शकते. आठवड्यातून पाच दिवस. दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची, पाच मिनिटं किंवा एक टक्का. ५-६ टक्क्यांवर अर्धा तास आला की तिथे महिनाभर रेंगाळा. भार योग्य आहे का, हे तेराचा पाढा मोठ्याने म्हणून बघा. ‘तेरा साते एक्क्याण्णव’ एका श्वासात म्हणता यायला हवं, पण पूर्ण पाढा एका दमात होता कामा नये. मशीनवरून उतरल्यावर भिंतीला हात टेकवून पोटरी ताणा, एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण तिथे दोन स्नायू आहेत आणि दोघांनाही चढ लागतो. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ आली तर चढ लगेच कमी करा. एकच पोटरी सुजली, गरम लागली तर मात्र ताणत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता वजनाचं. ५ टक्क्यांच्या त्या अर्ध्या तासातून नुसतं बसून राहिलं तरी खर्च झाल्या असत्या त्या कॅलरी वजा केल्या तर हातात १३५-१४० उरतात. आठवड्याच्या साधारण ७०० होतात, आणि किलोभर चरबीत ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे ताटात काहीच बदललं नाही तर एक किलो उतरायला अडीच महिने लागतील. एका वडापावात चालण्याचे दोन दिवस जातात. म्हणून बँकेतला चारचा चहा बिनसाखरेचा करा, त्यासोबतचं फरसाण बंद करा, रात्रीच्या भातातली एक मूद काढून तिथे उसळ वाढा. एवढं केलं तरी वेग दुप्पट होईल. आणि धीर सोडू नका. झिजलेल्या गुडघ्यांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं आहे, की वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. काटा थोडासा हलला तरी ते तुम्हाला जिन्यावर जाणवेल.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, वय ३६. घरी ट्रेडमिल घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, ‘इन्क्लाइन तीन लेव्हल, हाताने बदलायचा.’ हा चालेल का? खाली ज्येष्ठ नागरिक राहतात, आवाजाची भीती वाटते.

उत्तर : चालेल, पण लेव्हल म्हणजे टक्के नव्हेत. शिंप्याची टेप घेऊन दुकानात जा. पट्ट्याच्या बाजूच्या पट्टीवर बरोबर एक मीटर अंतरावर दोन खुणा करा, दोन्ही खुणांची जमिनीपासूनची उंची मोजा. फरक ५ सेंटीमीटर असेल तर चढ ५ टक्के. मी एका पेशंटच्या घरी मोजलं तेव्हा ‘लेव्हल ३’ चा चढ जेमतेम ४ टक्के भरला होता. हाताने बदलायच्या मशीनवर चालता चालता चढ बदलता येत नाही. उतरून, पिन काढून, पाया बदलावा लागतो, त्यामुळे सुरुवातीचं आणि शेवटचं सपाट चालणं घरातल्या घरात उरकावं लागेल. परवडत असेल तर बटणावर चढणारं घ्या. खाली जाड रबरी मॅट हवीच. धावण्यापेक्षा चढावरच्या चालण्याचा दणका कमी असतो, पाय धपधप आपटू नका म्हणजे झालं. मोटर किती हॉर्सपॉवरची ते विचारताना सतत चालण्याची क्षमता विचारा, क्षणभराची नको. घरात लहान मूल असेल तर लाल दोरीची किल्ली वापर झाल्यावर काढून कपाटात ठेवा. फिरत्या पट्ट्यात बोटं सोलवटलेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न : कोपरी, वय ६३. मधुमेह, रक्तदाब, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. चढ लावू का?

उत्तर : आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, आणि जाताना टीएमटीचा रिपोर्ट घेऊन जा. त्यावर ‘मेट्स’ असा आकडा असतो, म्हणजे शांत बसल्यावर लागते त्याच्या किती पट ऊर्जा तुमचं शरीर पेलतं ते. ताशी ४ किलोमीटर आणि ५ टक्के चढ म्हणजे साधारण साडेचार मेट्स. तुमचा आकडा ७ असेल तर ते तुमच्या ताकदीच्या दोन-तृतीयांशाच्या जवळ जातं, तेव्हा सुरुवात सपाट किंवा १ टक्क्याने करा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी दाबलेली असते, म्हणून स्क्रीनवरच्या ठोक्यांवर विसंबू नका, वरचा पाढाच वापरा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवा. घरी आल्यावर मोजे काढून तळव्यांवर फोड-जखम नाही ना ते बघा. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाटल्यासारखं वाटलं तर तिथल्या तिथे थांबा आणि कोणाला तरी हाक मारा.

प्रश्न : चढावर चाललं की पोटाचा घेर लवकर उतरतो म्हणतात. खरं का?

उत्तर : चरबी कुठून उतरावी हे व्यायाम ठरवत नाही. पण टेप जवळ ठेवा. आपल्याकडे बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत कंबर असावी, असं मानतात. महिन्यातून एकदा मोजा, रोज नको.

प्रश्न : बेलापूरला घराजवळच पारसिक हिल आहे. मग पैसे मोजून जिममध्ये कशाला जायचं? वय ५४, गुडघे अधूनमधून कुरकुरतात.

उत्तर : पारसिक हिल सोडायला मी सांगणार नाही. सकाळची ती हवा आणि भेटणारी माणसं मशीनवर कुठून मिळणार? फक्त उतरण सांभाळा. चढताना हवं तेवढं भरभर जा. उतरताना पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, हातात काठी असू द्या आणि ओल्या पानांवर पाय देऊ नका. घरच्यांपैकी कोणी गाडी घेऊन वर येणार असेल तर आठवड्यातले दोन दिवस चढून जा आणि गाडीतून खाली या. माझ्या गुडघ्याचं दुखणं चालू होतं तेव्हा येऊरला मी महिनाभर असंच केलं होतं, वरच्या बस स्टॉपवरून बसने खाली यायची.