फॉरमॅट मारण्याआधी फोटो काढा : वाचकांची प्रश्नोत्तरे

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून जुन्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज किंवा लिनक्स टाकणाऱ्यांची पत्रं सतत येतात आणि गोंधळ दर वेळी तोच असतो. इन्स्टॉल करताना स्क्रीनशॉट निघत नाही, निघाला तर सापडत नाही, आणि जिथे हमखास हवा होता तिथे काढायचाच राहून जातो. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतो.

डिप्लोमाच्या जर्नलमध्ये विंडोज ११ टाकण्याची प्रत्येक पायरी चित्रासह लावायची आहे. प्रिंट स्क्रीन दाबून काहीच होत नाही. कीबोर्ड बिघडला का? (विद्यार्थी, बोरिवली)

कीबोर्ड ठीक आहे. इन्स्टॉल होताना पेन ड्राइव्हवरून जे चालतं ती पूर्ण विंडोज नसते, विंडोज पीई नावाची छोटी आवृत्ती असते. तिच्यात पेंट नाही, स्निपिंग टूल नाही, मग चित्र पेस्ट करणार कुठे? शिफ्ट आणि एफ १० एकत्र दाबून काळी कमांड विंडो उघडते (काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं). तिथून पेन ड्राइव्हवरचं एखादं छोटं टूल चालवता येतं, पण जर्नलसाठी एवढा खटाटोप नको. कॉम्प्युटरच्या आतच दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतो. त्यात विंडोज टाका आणि हव्या त्या पायरीला उजवीकडची कंट्रोल की धरून ई दाबा, चित्र तुमच्या नेहमीच्या डिस्कवर सेव्ह होतं. आवृत्ती ७ पासून त्यात टीपीएमची (विंडोज ११ला लागणाऱ्या सुरक्षा चिपची) सोयही आहे, त्यामुळे विंडोज ११ तिथे अडत नाही. मात्र त्या आभासी मशीनला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा द्यावी लागते. तुमच्या लॅपटॉपला ते झेपेल का, हे लॅबमधल्या सरांना दाखवून ठरवा.

उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना वीस-बावीस स्क्रीनशॉट काढले. रीस्टार्ट केल्यावर एकही नाही. (मुलुंड)

ते आता मिळणार नाहीत. पेन ड्राइव्हवरून चालणारं उबंटू रॅममध्ये राहतं. तिथला 'पिक्चर्स' फोल्डरही रॅममध्येच असतो आणि मशीन बंद झालं की सगळं पुसलं जातं. पुढच्या वेळी रीस्टार्टचं बटण दाबण्याआधी चित्रं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात हा त्रास कमी होता. त्याच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये शिफ्टसह प्रिंट स्क्रीन दाबलं की चित्रं साठत जायची आणि शेवटी नव्या सिस्टिमच्या /root फोल्डरमध्ये येऊन बसायची.

मोबाइलने फोटो काढला तर चालतो का? (गिरगाव)

चालतो. फ्लॅश बंद ठेवा, हातभर मागे सरकून थोडं झूम करा म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या लाटा कमी दिसतील, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने सांगितलं, बायोसचे (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पानांचे) आणि इन्स्टॉलचे फोटो हवे तर कॅप्चर कार्ड (एका मशीनची स्क्रीन दुसऱ्यावर रेकॉर्ड करणारं उपकरण) घ्यावंच लागेल. (भायखळा)

घेऊ नका. रोज व्हिडिओ बनवणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, घरी एकदा विंडोज टाकणाऱ्याला नाही. बऱ्याच मदरबोर्डवर फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह लावून बायोसमध्ये एफ १२ दाबलं की चित्र सेव्ह होतं. तुमच्या बोर्डचं मॅन्युअल आधी बघा. गिऱ्हाईक गोंधळलेलं दिसलं की त्याच्या गळ्यात काहीतरी मारायचं, हे मला अजिबात पटत नाही.

निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची रिकव्हरी की मागतात. घरातल्या ग्रुपवर मुलाने तिचा फोटो टाकलाय. ठीक आहे ना? (विक्रोळी)

नाही. बिटलॉकर म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप आणि तो ४८ आकडी नंबर म्हणजे त्याची चावी. ग्रुपवरून तो फोटो काढून टाका आणि नंबर कागदावर लिहून घरात ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्यातही तो बहुधा साठवलेला असतो, लॉगिन करून खात्री करा. आणि 'की सांगा, मी काम करून देतो' म्हणून कोणी फोन केला तर फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर घरी लिनक्स टाकू का? (अंधेरी)

नाही. ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा.

विंडोज कुठे टाकायची ते विचारणाऱ्या पानावर चार-पाच ओळी दिसतात. मित्र म्हणतो, सगळ्या डिलीट कर आणि नेक्स्ट दाब, काही होत नाही. (दादर)

हे वाक्य ऐकून लोकांनी काय काय गमावलंय ते मी पाहिलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो. एक बाई माझ्याकडे मोबाइलमधला फोटो घेऊन आल्या होत्या. फोटोत ओळी होत्या : १०० एमबी, १६ एमबी, २३७ जीबी, आणि खाली दुसऱ्या डिस्कची ९३१ जीबी. शेवटच्या ओळीत मुलीच्या लग्नाचे फोटो होते, आणि शेजारच्या मुलाने 'सगळं साफ' करायला सांगितलं होतं. त्यांनी बटण दाबण्याआधी फोटो काढून दाखवला, म्हणून ते फोटो आज आहेत.

त्या पानावर सी, डी अशी अक्षरं नसतात, फक्त डिस्क झीरो, डिस्क वन आणि आकडे. आकडे वाचायला शिका. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने, म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते आणि ५०० जीबीची ४६५. १०० एमबी आणि १६ एमबी हे विंडोजचे स्वतःचे छोटे भाग असतात. 'फ्री स्पेस'चा रकानाही बघा. ९३१पैकी ४०० रिकामे असतील तर उरलेल्या ५३१ जीबीत कोणाचं तरी काहीतरी आहे.

म्हणून जुनी विंडोज चालू असतानाच डिस्क मॅनेजमेंट (सगळ्या डिस्क आणि त्यांचे भाग दाखवणारं विंडोजचं टूल) उघडा, विंडोजची की, शिफ्ट आणि एस एकत्र दाबून चित्र घ्या आणि ते मोबाइलवर पाठवा. प्रत्येक ड्राइव्हला ओळखू येईल असं नाव द्या, इन्स्टॉलरमध्ये बहुतेक वेळा तेच नाव समोर दिसतं. ज्या डिस्कला हात लावायचा नाही तिची केबल काढून ठेवा. लॅपटॉपमध्ये ते जमत नसेल तर बाहेरच्या डिस्कवर कॉपी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पान उघडलं की फोटो काढा, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून ताडून पाहा, आणि एका ओळीबद्दलही शंका असली तर तिथेच थांबून जाणकाराला फोटो दाखवा. फोटो डिलीट दाबण्याआधीचा हवा, नंतरच्या फोटोत 'अनॲलोकेटेड', म्हणजे मोकळी जागा, एवढंच दिसतं.

परवा चुकून दुसऱ्याच डिस्कचं पार्टिशन (डिस्कचा एक भाग) डिलीट झालं. विंडोज टाकून झाली आहे, मशीन वापरतोय. ओळखीच्याने दिलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर रविवारी वेळ मिळाला की चालवतो. (माहीम)

रविवारची वाट पाहू नका. तुम्हाला फोनवर सांगितलं तेच इतरांसाठी इथे लिहितो : मशीन आत्ता बंद करा. पार्टिशन डिलीट झालं म्हणजे फाइली लगेच पुसल्या जात नाहीत, पण त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की संपलं. एसएसडी असेल तर ट्रिम नावाची सोय मोकळी जागा आपोआप साफ करते, तिथे तासांचा हिशोब असतो. सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका. डिस्क काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या, काय झालं ते खरं सांगा, फोटो काढला असेल तर दाखवा, आणि काय परत मिळेल याची यादी व खर्च लेखी घेतल्याशिवाय होकार देऊ नका. तोपर्यंत ती डिस्क नुसती बघायलासुद्धा कुठल्याही मशीनला जोडू नका.