सबब गुन्ह्याआधीची की नंतरची?

‘गुन्हेगार सांगतो ती कारणं नंतर रचलेली असतात, मग चुकीच्या विचारांमुळे गुन्हा घडतो असं कसं म्हणायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं: तो विचार मनात कधी आला?

अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी १९५० च्या सुमारास अफरातफरीसाठी शिक्षा झालेल्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. ‘मी चोरत नाही, उसने घेतोय’ ही समजूत पैशाला हात लावण्याआधीच तयार होती, असं त्यांना दिसलं. पुढे १९५७ मध्ये साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी अशा पाच पळवाटा मांडल्या: माझा इलाज नव्हता, कुणाचं काही बिघडलं नाही, त्याची तीच लायकी होती, मला बोलणारे कुठे धुतल्या तांदळाचे आहेत, आपल्या माणसांसाठी केलं. चांगलं-वाईट कळणाऱ्या माणसालाही गुन्हा करता येतो तो यांच्या आधाराने.

मारामारीत प्रकार वेगळा असतो. गर्दीत धक्का लागतो आणि ‘मुद्दाम मारला’ असंच दिसतं. ही सबब नव्हे, बघण्यातलीच चूक आहे. ती इतक्या झटकन होते की माणसाला आपण काही विचार केला असं वाटतच नाही. त्यानंतर येतं ‘गेलं खड्ड्यात!’ हे दोन शब्द भीती आणि परिणामांची जाणीव एका फटक्यात तोडतात. माझ्या मते समुपदेशकाने गुन्हेगाराचे विचार बदलण्याच्या कामाला सुरुवात इथूनच करावी.

त्यासाठी एकच प्रसंग त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावा. आधी परिस्थिती, दोन-तीन ओळींत, कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच. मग मनात आलेले विचार, शिव्यांसकट, जसेच्या तसे. मग भावना, आणि शेवटी त्यामागची धारणा, उदाहरणार्थ ‘गप्प बसलो तर लोक डोक्यावर बसतील’. ‘त्याने मला डिवचलं’ हे बहुतेक जण परिस्थितीत लिहितात. तो अर्थ आहे, घटना नाही, आणि नेमका दोष तिथेच लपलेला असतो. ‘राग आला’ हेही विचारांच्या रकान्यात येतं, ते भावनेत न्यावं. मग ज्या विचारानंतर मागे फिरणं अवघड झालं त्याखाली रेघ ओढावी आणि तिथे दुसरा विचार बसवून त्याचा मोठ्याने सराव करावा. नुसता लिहून ठेवलेला विचार ऐन वेळी आठवत नाही.

समुपदेशकाची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक सबबीवर वाद घालणं. मरुना आणि मॅन या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की, चूक झाल्यावर कारणं देणं ही तर सगळ्यांचीच सवय. कोपऱ्यात गाठलेला माणूस ‘मीच जबाबदार’ हे वाक्य पाठ करतो आणि मूळ विचार तसाच राहतो. म्हणून नंतरच्या सबबीशी भांडू नये, आधीचा विचार शोधावा.

लँडेनबर्गर आणि लिप्सी या संशोधकांनी २००५ मध्ये गुन्हेगारांना असे विचार बदलायला शिकवणाऱ्या कार्यक्रमांवरचे ५८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सरासरी २५ टक्क्यांनी कमी आढळलं. व्यसन आणि जुनी संगत तशीच राहिली, तर मात्र हा कागद एकटा पुरत नाही.