‘मला स्ट्रोकला बसवलंय’ म्हणजे नेमकं काय?

दादा, तुमची मुलगी पुण्यात रोइंग शिकतेय आणि फोनवर एका दमात सांगते, “आज स्ट्रोक 22 चा होता, मला स्ट्रोकला बसवलंय, पण स्ट्रोक साईड कमी पडत होती.” यातलं काय समजायचं, असं तुम्ही विचारलंय. तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आहे.

मूळ अर्थ वल्ह्याचा एक पूर्ण हात. पातं पाण्यात टाकायचं, आधी पायांनी रेटायचं, मग पाठ, शेवटी हात. पातं बाहेर काढून आडवं करायचं आणि सरकत्या सीटवरून परत पायांकडं यायचं. हे परत येणंही स्ट्रोकमध्येच धरतात. तिथं घाई केली की बोटीची चाल मोडते. 22 म्हणजे मिनिटाला 22 स्ट्रोक. सरावाला एवढा रेट चांगला. 2000 मीटरच्या शर्यतीत सुटताना तो चाळिशीच्या वर जातो.

आता ‘स्ट्रोकला बसवलंय’. ही खरी आनंदाची बातमी आहे! बोटीच्या नाकापासून आकडे मोजतात, त्यामुळं आठ जणींच्या बोटीत आठवी ती स्ट्रोक. सगळ्या मागं तोंड करून बसतात, म्हणजे तिच्यासमोर फक्त कॉक्स, म्हणजे बोटीला दिशा देणारी. तिच्या पाठीकडं बघून सातवी हात टाकते, सातवीकडं बघून सहावी. रेट वाढवायचा, टिकवायचा, ते तिच्या अंगात असावं लागतं. सर्वांत ताकदवान पोरी सहसा मधल्या जागांवर असतात; स्ट्रोकला जिची लय दमल्यावरही ढळत नाही ती हवी. नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बोटीत उतरला, तिथं लय त्याची त्यालाच धरायची होती. 2018 ला आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत त्याला सुवर्ण मिळालं, तिथं चौघांचे हात एक व्हावे लागतात.

पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागल्या की सांगलीच्या आयर्विन पुलावरून पाण्याकडं नीट बघा. प्रत्येक पातं निघताना मागं एक भोवरा सोडतं. हात जुळले असतील तर भोवरे ओळीत पडतात. एकाचा उशीर झाला की त्याचा भोवरा लगेच वेगळा दिसतो. मुलगी सुट्टीला आली की तिलाच सोबत न्या, ती तुमच्यापेक्षा आधी तो भोवरा ओळखेल.

राहिली स्ट्रोक साईड. ती बोटीची डावी बाजू. पण वल्हवणारी उलटी बसते, म्हणून ती तिच्या उजव्या हाताला येते. ही बाजू कमी पडली की बोट डावीकडं ओढ घेते. मुलीच्या बोटीत प्रत्येकीकडं एक वल्हं असतं की दोन, तेवढं विचारा. दोन वल्ह्यांच्या बोटीत स्ट्रोक साईड म्हणजे प्रत्येकीच्या उजव्या हातातलं वल्हं.