गल्ल्यावर बसवून गणित येत नाही

दादा, पत्र दोनदा वाचलं. पोरगी नववीत, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी मीडियमला, मराठी-कन्नड दोन्हीत सत्तरच्या वर आणि गणितात ८० पैकी ९. तुम्ही विचारताय तिसरी ट्यूशन लावू का, आणि पुढं सायन्स की डिप्लोमा. पण मी अडकलो मधल्या एका ओळीत: "मुद्दाम दुकानात गल्ल्यावर बसवतो, गिऱ्हाईकासमोर चिल्लर चुकली की लाज वाटेल नि शिकेल." हे बंद करा. आजच. माणूस घाबरला की डोक्यात आकडे धरून ठेवायची जागा भीतीच खाते, मग येत असलेलं पण चुकतं. म्हणजे रोज संध्याकाळी तुम्ही तिला चुकायचीच प्रॅक्टिस देताय.

अजून बोटं मोजते, घड्याळ कळत नाही, छत्तीस सांगितलं की ६३ लिहिते, हे तुम्हीच लिहिलंय आणि खाली "आळशी आहे". आळशी पोरगी दोन भाषांत सत्तर काढत नाही ओ! (छत्तीसात आपण सहा आधी म्हणतो, कन्नडात मूवत्तारु, तीस आधी. बाकीची पोरं दोन्ही सांभाळतात, आकड्याचा अंदाजच कच्चा असेल तर इथं जास्त घसरायला होतं.) हा डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे हुशार असूनही आकडेच न कळण्याची शिकण्यातली अडचण असू शकते, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात त्याचं नाव आहे. पण तपासल्याशिवाय शिक्का मारू नका, मीही मारत नाही.

आता "पाढे घोकले की बसतंय" हे डोक्यातून काढा. पाचापेक्षा आठ किती मोठे हेच आतून जाणवत नसेल तर पाढा म्हणजे नुसतं गाणं. न्यूरोसायकॉलॉजीवाले, म्हणजे मेंदू नि शिकणं यांचा संबंध तपासणारे, आधी नेमकं कुठं अडतंय ते बघतात, आकड्याचा अंदाज, लक्षात धरणं, का जागेचं भान, आणि त्याप्रमाणे काम देतात: जमिनीवर संख्यारेषा आखून चालायचं, मणी, खऱ्या नोटा, थोडं थोडं पण रोज. जे जमतच नाही त्याला आधार, चौकटीची वही, पाढ्यांचा तक्ता, कॅल्क्युलेटर. गोळी नाही, शॉक नाही, आणि महिन्यात चमत्कार पण नाही.

सायन्स-डिप्लोमा सध्या विसरा, डिप्लोमात पहिल्याच वर्षी गणित आहे. तपासून डिस्कॅल्क्युलियाचं सर्टिफिकेट मिळालं तर एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीला, सवलत मागता येते, नाहीच जमलं तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेची दहावी गणिताशिवाय होते, पुढं पीयू (अकरावी-बारावी) आर्ट्स आहेच.

ट्यूशनचे पैसे ठेवा आणि धारवाडच्या डिमान्स या मेंदू नि मनाच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा, नाहीतर बेंगळुरूचं तसलंच निमहान्स. जाताना गणिताच्या जुन्या वह्या न्या, चुकलेली पानं पण. फाडली नसतील तर.