‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाची धास्ती

शाळेच्या बॅचचं गेट टुगेदर ठरलं की माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं वाढतात, हे आता मला सवयीचं झालंय. अर्थात "मला गेट टुगेदरची भीती वाटते" असं सांगून कोणी अपॉइंटमेंट घेत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, बीपी वाढलंय आणि डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, असलं काहीतरी घेऊन येतात आणि मग दोन-तीन भेटींनंतर हळूच बाहेर पडतं की बॅचचा ग्रुप झालाय, इतक्या वर्षांनी सगळे भेटणारेत, आणि हे सगळं तेव्हापासूनच सुरू झालंय. "सगळे कुठल्याकुठे पोचले, मी आहे तिथंच." "माझा घटस्फोट झालाय, किती जणांना तेच तेच सांगत बसू?" "केस गेलेत, वजन वाढलंय, कोणी ओळखणारसुद्धा नाही." प्रत्येकाचं वाक्य वेगळं, पण धास्ती एकच, की कोणीतरी पाठीवर थाप मारून विचारणार, काय मग, सध्या काय करतोस?

त्यातल्याच एकांची ही हकीकत. ओळख पटेल असं सगळं बदललंय, त्यांना आधी वाचायला दिलंय आणि ते म्हणाले, टाका खुशाल.

गृहस्थ पन्नाशीच्या आसपासचे. बायकोनं पाठवलेले, हे बसण्यावरूनच कळत होतं, खुर्चीच्या कडेला, बॅग मांडीवर. शाळेत कायम पहिला नंबर. वर्गाचे मॉनिटर, शिक्षकांचे लाडके, हा मुलगा नाव काढणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. पुढे घरची जबाबदारी अंगावर पडली, शिक्षण अर्धवट राहिलं, एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला लागले आणि मध्यंतरी तीही बंद पडली. आता दोन-तीन ठिकाणी पार्टटाइम हिशेब लिहितात. घर चालतंय, मुलगी शिकतेय, कर्ज फिटत आलंय. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटेल यात काय एवढं.

ग्रुपवर कोणीतरी ॲड केलं त्याच दिवशी यांनी आपला डीपी काढून टाकला. मग ग्रुप म्यूट केला. आणि मग रोज रात्री घरातले झोपले की तोच ग्रुप उघडून एकेकाचा डीपी मोठा करून बघत बसायचं, कोण कुठे उभा आहे, मागे गाडी कुठली दिसतेय.

"किती वाजेपर्यंत?" मी विचारलं.

"दीड... दोन."

झोपेचं कोडं तिथंच सुटलं, पण ते सुटून उपयोग नव्हता.

एक मेसेज त्यांनी मला फोनवर दाखवला. "आपला स्कॉलर कुठं गायब आहे? शास्त्रज्ञ-बिस्त्रज्ञ झाला की काय?" आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

"हे टोमणे आहेत, मॅडम."

"लिहिणाऱ्याला तुमची नोकरी गेली हे माहितीये?"

"नाही. कोणालाच नाही."

"मग टोमणा कसला?"

यावर ते काही बोलले नाहीत, फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1954 साली एक गोष्ट मांडली होती, आणि मला ती या विषयात रोज दिसते. आपण कितपत बरे आहोत हे मोजायला सरळ माप मिळत नाही तेव्हा माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून बघतो आणि त्यासाठी आपल्यासारखाच माणूस शोधतो. आता शाळासोबत्यापेक्षा जास्त आपल्यासारखा कोण मिळणार? तेच वय, तेच शिक्षक, तोच फळा. कुणा अनोळखी माणसाची श्रीमंती सहज पचते, बाकावर शेजारी बसणाऱ्याची पचत नाही, कारण तिथं सबब सांगायला जागाच उरत नाही.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं काम करणारी. त्यानं 1955 च्या सुमारास जे सांगायला सुरुवात केली त्यातलं मला सगळ्यात पटलेलं हे, की चारचौघांनी आपल्याला मानावं असं वाटणं यात काहीच गैर नाही, त्रास होतो तो त्या इच्छेची अट झाली की. त्यांनी मला मानलं पाहिजे आणि नाही मानलं तर मी फुकट गेलो, ही अट. या गृहस्थांना मी हे समजावायला गेले असते तर त्यांनी हुशार विद्यार्थ्यासारखं पाठ करून परत मला म्हणून दाखवलं असतं. म्हणून समजावलं नाही, काम दिलं. वर्गाचा जुना फोटो ग्रुपवर आलेलाच होता. म्हटलं, एकेका चेहऱ्यापुढे फक्त एक ओळ लिहा, तुम्हाला त्याचं काय आठवतं.

पुढच्या वेळी आले ते कागद घेऊन. आणि कागद कसला, खातेवहीच. पट्टीनं आखलेले रकाने, अनुक्रमांक, नाव, आठवण, वर लाल शाईची दुहेरी रेघ. "डाव्या हातानं लिहायचा, बाही कायम शाईनं माखलेली." "शिंका सुरू झाल्या की थांबायच्याच नाहीत." "नाटकात डायलॉग विसरली आणि स्टेजवरच हसत सुटली." "मला ताप होता तेव्हा सायकलवर घरी सोडलं." मी वाचत होते आणि ते खुर्चीत मागे रेलून बसले होते, पहिल्यांदाच.

"यात मार्क कुणाचेच दिसत नाहीत."

"मार्क?"

"कोणाला किती पडले, नंबर कितवा."

त्यांनी कागद घेतला, वरून खाली बोट फिरवलं. "नाही आठवत. एकाचेही नाही." मग जरा थांबून, "माझे आठवतात. विषयवार." आणि हसले.

इथं बरेच जण विषय संपवतील. मुद्दा पोचला, माणूस हसला, छान. पण माझं लक्ष एका ओळीकडे होतं. सगळ्या नावांपुढे काही ना काही लिहिलेलं, एकाच नावापुढचा रकाना कोरा. विचारलं तर म्हणाले, याचं विशेष काही आठवत नाही. मला ते पटेना, कारण आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस रकाना रिकामा ठेवत नाही, लिहायला काही नसलं तर निदान आडवी रेघ मारतो. आणि नाव कोणाचं, तर स्कॉलर कुठं गायब आहे हे विचारणाऱ्याचं. मी घाई केली नाही. एवढंच म्हटलं की कागद घरी घेऊन जा, ती ओळ भरली तर भरा.

ओळ भरली नाही, पण ते बोलले. या मित्राला गणिताच्या एका चाचणीत यांच्यापेक्षा जास्त मार्क पडले होते. एकदाच. त्याच आठवड्यात शिक्षक वर्गाबाहेर गेले असताना मॉनिटर म्हणून बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची होती आणि यांनी त्याचं नाव लिहिलं. तो बोलत नव्हता. शिक्षक आल्यावर तो उभा राहून म्हणाला, सर मी बोललो नाही. सरांनी यांच्याकडे बघून विचारलं, खरं काय? "मी म्हटलं, बोलत होता. त्याच्याकडे बघून म्हटलं." त्याच्या वडिलांना शाळेत बोलावलं. शाळा संपेपर्यंत दोघं पुन्हा बोलले नाहीत.

"हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही."

मी विचारलं, "समजा तुमची नोकरी गेली नसती, तुम्ही मोठे साहेब असता, तर गेला असता गेट टुगेदरला?"

बराच वेळ गेला. म्हणाले, "गेलो असतो बहुतेक. आणि त्याच्यापासून लांब बसलो असतो."

मला विचाराल तर सगळी केस या एका उत्तरात होती. नोकरी गेल्याची लाज खरीच होती, नाही असं नाही, पण ती सांगायला सोपी. तिला लगेच सहानुभूती मिळते. आपण एकाशी नीचपणानं वागलो ही टोचणी कोणाला सांगायची? म्हणून मन सोप्या नावाखाली अवघड गोष्ट लपवून ठेवतं, आणि सहज फेकलेला शब्दसुद्धा टोमणा होऊन लागतो. गंमत अशी, की अवघड वाटते तीच गोष्ट खरं तर हाताळायला सोपी असते. "मी फुकट गेलो" यावर काय करणार? काहीच करता येत नाही, कारण तो अख्ख्या माणसावरचा शेरा झाला. "मी एकदा खोटं बोललो" यावर मात्र करण्यासारखं असतं.

ते म्हणाले, फोन करतो. त्याआधी तीन पानांचा मजकूर लिहून आणला. त्यात वय लहान होतं, घरात पहिल्या नंबरचं दडपण होतं, शिक्षकांनी शहानिशा करायला हवी होती, सगळं होतं. आम्ही दोघांनी बसून ते कापलं. उरलं एवढंच, की तू बोलत नव्हतास, मी मुद्दाम तुझं नाव लिहिलं, चूक माझी होती. तरी धाकधूक होतीच, इतक्या वर्षांनी फोन केला तर त्याला काय वाटेल. यावर सांगण्यासारखं एक संशोधन आहे, 2022 मध्ये पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं. आपण आठवण काढून संपर्क केला की समोरच्याला किती बरं वाटतं याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो, असं त्यात दिसलं. पण तो साध्या ख्यालीखुशालीचा अभ्यास आहे, माफी मागण्याचा नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं, खोटी खात्री देऊन फोन करायला लावणं मला मान्य नाही.

समोरचा म्हणाला, "हो, आठवतंय. बाबांनी मारलं होतं त्या दिवशी." मग दोघंही गप्प. मग म्हणाला, "तू अजून तसाच बोलतोस रे, पाठ केल्यासारखा." आणि मग गुडघे, आईचं आजारपण, मुलांची शिक्षणं यावर बोलणं लांबलं.

"माफ केलं का त्यानं, मॅडम?"

"म्हणाला का तसं?"

"नाही."

"मग ते त्याच्याकडे राहू दे."

गेट टुगेदरला ते गेले. सध्या काय करतोस हे दोघा-तिघांनी विचारलं, यांनी सांगितलं कंपनी बंद पडली, आता दोन-तीन ठिकाणचे हिशेब बघतो. एकजण म्हणाला अरे माझेही कागद अडकलेत, बघशील का. बाकीच्यांचं लक्ष ग्रुप फोटोत कोण कुठे उभं राहणार याकडे होतं.

आता हे वाचून लगेच आपल्यातलं काही गुपित उकरायला बसू नका. बहुतेकांच्या तळाशी असलं काही नसतं, साधी तुलनाच असते. त्यांच्यासाठी मी एक प्रयोग सांगते. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टीशर्ट घालून त्यांना इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांनी बघितलं असेल? त्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी. प्रत्यक्षात चित्र कळलेले साधारण पाव. आमच्या गृहस्थांनी हे ऐकून लगेच हिशेब केला होता, "म्हणजे मी दुप्पट धरतोय." हो, दुप्पट. आणि तुमच्या टकलाकडे बघणारा माणूस स्वतःचं पोट आत ओढून उभा असतो हे लक्षात असू द्या.

जायचं ठरलं असेल तर एकट्यानं त्या हॉलमध्ये शिरू नका. आधी एका कोणाला तरी फोन करा, पूर्वी खूप जवळचा नसला तरी चालेल, म्हणजे दारात ओळखीचा चेहरा असेल. त्या नको असलेल्या प्रश्नाचं एका वाक्याचं खरं उत्तर ठरवून ठेवा आणि घरी ते दोनदा मोठ्यानं बोला, मनात म्हणू नका, तोंडानं बोला, कारण अडखळतं तिथंच. घटस्फोट झालेल्या बाईंना मी सांगितलं होतं, "आम्ही वेगळे झालो, आता बरी आहे, तुझं सांग." पुढचं सांगायला कोणी बांधील नसतं. घरी परतल्यावर चार दिवस उदास वाटू शकतं, त्याला आजार समजू नका. साधारण दहा ते तिशीच्या दरम्यानच्या आठवणी उतारवयात सगळ्यात जास्त वर येतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि त्या वयाची माणसं एकदम समोर आली की हलायला होणारच. त्या हलण्याला जुनं प्रेम समजून रात्री-अपरात्री मेसेज सुरू करणारेही माझ्याकडे येतात, पण तो वेगळाच विषय आहे.

आयोजकांनाही एक विनंती. प्रत्येकानं उभं राहून नोकरी, जोडीदार, मुलं सांगायची ती ओळखपरेड बंद करा. त्याऐवजी शेजाऱ्याची एक आठवण सांगायला लावा. वर्गणी कोणी किती दिली याची यादी ग्रुपवर टाकू नका, एखादा केवळ त्यासाठी येत नाही आणि कारण कामाचं सांगतो.

आणि ज्यांना शाळेत सगळ्यांनी मिळून छळलं, हसलं, नावं ठेवली त्यांनी जायलाच हवं असं अजिबात नाही. आता झालं गेलं विसर म्हणणारे बहुतेक तेच असतात ज्यांना विसरण्यासारखं काही झालेलं नसतं. 2022 पासून व्हॉट्सॲपचा ग्रुप सोडला तर सगळ्यांना सूचना जात नाही, फक्त ॲडमिनला जाते. तेवढंही नको असेल तर म्यूट करून आर्काइव्ह करा. कोणी फोन केलाच तर "मला यायचं नाहीये, तुम्ही मजा करा" एवढं पुरतं, आजारी नातेवाईक वगैरे उभे करू नका, पुढच्या गेट टुगेदरला लोक त्यांची तब्येत विचारतात.